शेतात उतरलेल्या विमानाची राखण

नव्वद सालानंतरची गोष्ट. भिवंडीजवळ राहनाळला आमचं भाताचं शेत होतं. कापणी होऊन गेली होती, नुसती धसकटं उरली होती. मी शिकवत होते त्या शाळेला सुट्टी होती म्हणून मी सासूबाईंबरोबर बांधावर वाल तोडत होते. वरून एक छोटं विमान आलं आणि त्याचा आवाजच बंद पडला. काय होतंय ते कळायच्या आत ते आमच्या शेतात उतरलं, उड्या मारत धावलं आणि डावं चाक बांधाला आपटून तिरकं उभं राहिलं.

आतून एक मुलगी उतरली. पंचविशीची असेल. तिने आधी काय केलं, तर परत आत वाकून किल्ली काढली आणि पेट्रोलचा कॉक बंद केला. मग सुकाणूच्या दांड्यात एक लाल पट्टीची खीळ घातली. ती घातली की सुकाणू हलत नाही, असं तिने नंतर सांगितलं. हे सगळं झाल्यावर ती बांधावर बसली आणि म्हणाली, "आजी, पाणी मिळेल का?"

सासूबाईंनी तांब्या पुढे केला. "लागलं न्हाय ना पोरी?"

"नाही. पाणी पिते आणि फोन करायला जाते. पण याला एकटं कसं सोडू?"

एव्हाना कापडाच्या लूमची शिफ्ट सुटलेली माणसं, शेजारच्या गोदामातले हमाल, सगळे धावत येऊ लागले होते. कुणी पंखाला हात लावत होतं, कुणी पुढचा पंखा फिरवायला बघत होतं. मुलगी ओरडली, "त्याला हात लावू नका! किल्ली काढली तरी कधी कधी इंजिन दणका देतं. हात तुटेल." लोक मागे सरकले.

विमान कुणी चोरून नेतं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आख्खं विमान नेणारे थोडे. आतला रेडिओ काढतात, होकायंत्र काढतात. दाराचं कुलूप तर तुमच्या कपाटाच्या कुलपाएवढंच. आमच्याकडे ते हँगरच्या शेडमध्ये असतं, फाटकावर पहारा असतो. इथे काय करायचं?"

काय करायचं ते तिनेच ठरवलं. आमचे हे स्कूटरवर भिवंडीला जाऊन जाड साखळी आणि मोठं कुलूप घेऊन आले. साखळीने पंखा खरवडू नये म्हणून तिने साखळीवर सायकलची जुनी ट्यूब चढवली, पंख्याला वेढा दिला आणि कुलूप लावलं. पंखांखाली आणि शेपटीखाली कड्या होत्या. सासूबाईंनी गोठ्यातले दोर आणले, पहारीने खुंट ठोकले आणि आमच्या बैलांना बांधतो तसं विमान बांधून टाकलं. मुलगी गाठी ओढून बघत राहिली. "आजी, ही गाठ मलाही शिकवा," म्हणाली.

तिने फोन केला तेव्हा तिच्या ऑफिसने तिला मुंबईला बोलावून घेतलं. चौकशी होणार होती, आणि दुरुस्तीची माणसं दुसऱ्या दिवशी येणार होती. पोलिसांनी एक हवालदार ठेवला. निघताना ती सासूबाईंना म्हणाली, "कुलपाच्या दोन्ही चाव्या मी नेते. आमच्याकडून जो येईल, तो चावी घेऊनच येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार चहाला गेला होता. सासूबाई विमानाच्या सावलीत वाल सोलत बसल्या होत्या, मी त्यांना भाकरी घेऊन गेले होते. एक टेम्पो बांधाशी थांबला. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस उतरला, मागून पाने-स्क्रूड्रायव्हर घेतलेले दोघे. माणूस रुबाबात म्हणाला, "विमानाच्या ऑफिसातून आलोय. आतलं सामान सुरक्षित ठेवायला न्यायचंय."

त्याच्या हातात फाईल होती, बोलणं सफाईचं होतं. खरं सांगायचं तर मी बाजूला झाले असते.

सासूबाई उठल्याही नाहीत. "चावी हाय का?"

"कसली चावी?"

"पंख्याची."

"ती ऑफिसात राहिली. आम्हाला दार तेवढं उघडायचंय, मावशी."

"मंग चावी घेऊन ये. तवर हात लावू नको."

तो चिडला. मोठ्या साहेबांकडे तक्रार करीन, पोलीस आणीन, म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "पोलीस हितंच हाय, चहाला गेलाय. बस, येल आता." आणि मला म्हणाल्या, "जा गो, गोदामातल्या पोरांना हाक मार." मी पळाले. हमाल येईपर्यंत टेम्पो कशेळीच्या रस्त्याला लागला होता.

दुपारी ती मुलगी आली, बरोबर एक वयस्क इंजिनियर. सासूबाईंनी तिला ओळखलं, हसल्या, आणि तरीही हात पुढे केला. "चावी?"

मुलीने गळ्यातल्या दोऱ्यातून चावी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. सासूबाईंनी स्वतः कुलूप उघडलं, तेव्हा कुठे त्या बाजूला झाल्या. टेम्पोवाल्याचं ऐकून इंजिनियरचा चेहरा उतरला. "आमचा असा कुणीही माणूस नाही," तो म्हणाला. "रेडिओ गेलाच असता." मग त्याने सासूबाईंना वाकून नमस्कार केला. त्या संकोचून पदर सावरत राहिल्या.

विमान उडून जाणार नव्हतं, चाक वाकलं होतं. पंख सोडवून ते ट्रकवर चढवायचं ठरलं. त्याआधी मुलीने सासूबाईंना आत बसवलं, खीळ काढली आणि सुकाणू हातात दिलं. त्यांनी ते डावीकडे फिरवलं, बाहेर पंखाची पट्टी वर उचलली गेली. त्या बघतच राहिल्या.

"आन मागं कसं नेतात?"

"मागे नाही जात, आजी. ढकलावं लागतं."

"पोरी, तू काल याला एकटीनं खाली आनलास?" असं म्हणून त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. मुलीचे डोळे तेव्हा भरून आले. आदल्या दिवशी चाक आपटलं तेव्हाही ती रडली नव्हती.

ट्रकच्या फळ्यांवर पंख घासतील म्हणून सासूबाईंनी आमच्या रचून ठेवलेल्या उडव्यातला पेंढा काढून दिला. पोरांनी तो जाड अंथरला, वर पंख ठेवले आणि ट्रक हळूहळू रस्त्याला लागला.