ब्रुमेअर पाहायला फलज अल मुअल्लाला

"थर्मिडॉर घे. उन्हाळ्याचा महिना, खिडकी उघडली की फोटो तयार," नवरा म्हणाला. पण सईच्या वाट्याला ब्रुमेअर आला होता, आणि मी ठरवलं, तोच करायचा.

सई माझी मुलगी, आठवीतली, जन्म इथला, आखातातल्या अजमानचा. फ्रेंचच्या वर्गात प्रत्येकाला एक जुना महिना मिळालेला: सोमवारी अर्थ सांगायचा, स्वतः काढलेला फोटो दाखवायचा. क्रांतीनंतर फ्रेंचांनी जुने महिने मोडीत काढले आणि एका कवीने हवा-शेती बघून नवी नावं दिली. आपला कार्तिक कृत्तिकांवरून. त्यांचा ब्रुमेअर 'ब्रूम'वरून, म्हणजे धुकं. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. ते कॅलेंडर बाराएक वर्षंच टिकलं. सईने धुकं कधी पाहिलंच नव्हतं; ही उठेपर्यंत इथलं धुकं विरलेलं असतं.

शनिवारी साडेपाचला निघालो. उम्म अल कुवैनवरून आत फलज अल मुअल्ला, पाऊण तास, रस्ता लोण्यासारखा. वाटेत करक चहा दोन दिरहम, म्हणजे पन्नासेक रुपये. आकाश लख्ख. तरी सईच्या फोटोत खजुराची झाडं धुक्यात बुडालेली. तिने बाहीने लेन्स पुसली, धुकं गेलं. रस्ता बघायला फोन एसीच्या झोतासमोर लावला होता, बाहेरच्या दमट हवेत काच घामेजली.

"खलास, हाच दे. कोणाला कळतंय?" नवरा म्हणाला. खरं सांगते, मलाही मोह झाला.

"आई, दॅट्स अवर एसी. नॉट ब्रुमेअर."

"मग उद्या परत," मी म्हणाले.

"इन्शाल्ला," नवरा म्हणाला. इथे हा शब्द गोड नकारासाठीही वापरतात, ते राहणाऱ्यांना माहीत आहे. तरी आला बिचारा.

रविवारी हायवे सोडला आणि समोरचं काही दिसेना. अशा वेळी हट्ट करू नका, पेट्रोल पंपावर गाडी लावा. आम्ही तेच केलं. फोन आज ओढणीत गुंडाळलेला. नवरा गाडीत थांबला, आम्ही दोघी शेजारच्या खजुराच्या बागेपर्यंत चालत गेलो. फोटोसाठी सई तीन पावलं मागे सरकली आणि मी तिला दिसेनाशी झाले.

"आई?"

"इथेच आहे गं."

फोटो काढून ती आली आणि तिने माझा हात धरला. दोन वर्षांत धरला नव्हता.

घरी पाहिलं तर फोटो नुसता पांढरा. झाडांचा कालचा फोटो किती छान, असं मी हळूच सुचवून पाहिलं. तिने ऐकलं नाही. सोमवारी शाळेतून आल्यावर विचारलं, तर म्हणे वर्ग हसला.

"मग?"

"आय टोल्ड देम, धिस इज ब्रुमेअर. माय मदर इज इन इट, थ्री स्टेप्स अवे."