साडूंनी काढून ठेवलेले मामा

मोठ्या गोष्टीतून हवा तेवढाच भाग नेमका काढून घेण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस आमच्या हिंगोली जिल्ह्यात झाला नाही, आणि काढलेला भाग पुढे कुठे जातो याबद्दल इतका बेफिकीर माणूसही झाला नाही. हे दोन्ही गुण एकाच माणसात आले की काय होतं, ते आमच्या सासुरवाडीने एकदा भर लग्नात पाहिलंय.

साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मूळचे साखऱ्याचे. मोबाईल अजून गावात आले नव्हते त्या काळात ते पुण्याहून कंप्युटर शिकून आले आणि आखाडा बाळापूरला, सासऱ्यांच्या घरासमोरच, क्लास काढून बसले. बाकीचे क्लासवाले पोरांना टायपिंग शिकवत, हे पर्ल नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकवत. तिची बाळापुरात कुणाला गरज होती ते त्यांनाच ठाऊक. त्या भाषेतही त्यांचा जीव एकाच प्रकारात अडकलेला. नाव आणि नावापुढे त्याचा माल अशा जोड्यांचा मोठा संग्रह करायचा, मग हवी ती नावं पुकारायची, की तेवढ्याच जोड्या अलगद हातात येतात. हे सांगताना गडी असा खुलायचा की फळ्यावरचा खडू संपला तरी बोटानेच लिहीत राहायचा.

पुढे पुढे त्यांचं वागणंही तसंच झालं. चिवड्यातले शेंगदाणे तेवढे काढून घेतील आणि उरलेला चिवडा शांतपणे पाहुण्यांपुढे सरकवतील. विचारलं तेवढंच उत्तर देतील. एकदा पुण्याहून आले तेव्हा मी विचारलं, "प्रवास कसा झाला?" म्हणाले, "बराबर झाला." बॅग बसमध्येच राहिली हे संध्याकाळी आंघोळीच्या वेळी कळलं. "तुमी बॅगचं कुठं इचारलं?" असं वर मलाच.

संग्रहातून भाग काढायचे दोन रस्ते असतात, हेही त्यांनीच मला शिकवलं. एकात नुसती नक्कल निघते, मूळ संग्रह जागेवर राहतो. दुसऱ्यात काढलेलं मुळातून जातं. साडूंना पहिला रस्ता लबाडीचा वाटायचा. "साडूभाऊ, कणगीतून पायलीभर ज्वारी काढली तर कणगीत कमी व्हते का न्हाई? मंग कंप्युटरमधी काहून जशीच्या तशी राहावी?" शेतकऱ्याचंच पोर ते. साडू त्या दुसऱ्याच रस्त्याने चालत राहिले.

अशात आमच्या धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं. जावयांनी लग्नात गादीवर बसून मान घ्यायचा असतो. पण साडूंनी पाहुणे आणायच्या जीपांचं काम अंगावर घेतलं. यादी कंप्युटरात घातली, गाव हे नाव आणि तिथून आणायची माणसं हा माल. एका रस्त्यावरची गावं पुकारायची, तेवढा भाग काढायचा, छापायचा आणि जीपवाल्याच्या हातात द्यायचा. खरं सांगतो, कल्पना झकास होती.

सासूबाईंचा जीव मात्र हट्टा गावात होता. तिथे त्यांचा एकुलता भाऊ. आईच्या तेराव्यात मानपानावरून दोघांचं बिनसलं ते बिनसलंच, कित्येक वर्षं येणंजाणं बंद. पोरीच्या लग्नाला मात्र भावाने निरोप धाडला होता, "दारात जीप आली तर येतो. न्हाई आली तर समजंन, बहिणीला भाऊ नको." मुंडावळ्या बांधलेल्या भाचीच्या पाठीशी मामाच उभा राहायचा असतो, त्यामुळे मेहुणीही त्याच वाटेकडे डोळे लावून होती.

लग्नाच्या सकाळी सासूबाई क्लासात आल्या. "माझ्या भावाचं नाव हाय नं त्याच्यात?" साडूंनी ऐटीत हट्टा पुकारलं, भाग काढला आणि पडद्यावर दाखवला. भावाचं नाव बघून माउलीने पडद्याला हात जोडले. मग साडूंनी एकेका रस्त्याचे कागद छापले आणि जीपा सुटल्या.

दुपारपर्यंत सगळ्या जीपा भरून आल्या, जिच्या वाटेवर हट्टा लागतं ती वसमतकडचीही आली, पण मामा त्यात नव्हते. जीपवाल्याने कागद पुढे केला. त्यावर हट्टाच नव्हतं. साडू धावत क्लासात गेले, मी मागे. पडद्याकडे बघत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "साडूभाऊ, दाखवायला काढलं अन् परत टाकायचं राहिलं." त्या माणसाचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. जरीचा फेटा माझ्या हातात देऊन त्यांनी मोटारसायकलला किक मारली.

मांडवात मुहूर्त टळला. भटजी घड्याळ बघून थकले, वरपक्षात कुजबुज सुरू झाली. सासूबाई दारात बसून राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

हट्ट्याला काय घडलं ते मामांनीच नंतर सांगितलं. मामा आधी बधले नाहीत. "इसरले म्हना की सरळ." साडू म्हणाले, "त्या इसरल्या न्हाईत. सकाळी आधी तुमचंच नाव बघून गेल्या. घोळ माझा हाय." आणि ओट्यावर मांडी घालून बसले, पाण्याच्या तांब्याला हात लावीनात. भाचजावई दारात उपाशी बसलाय म्हटल्यावर गल्ली गोळा झाली. मामांनी चपला घातल्या.

धुळीने पांढरे झालेले दोघे मांडवात उतरले तेव्हा सासूबाईंनी पदराने भावाचं तोंड पुसलं, आणि पुसता पुसता दोघंही रडायला लागली. मामा भाचीच्या पाठीशी उभे राहिले, अक्षता पडल्या. साडूंनी लग्न काही पाहिलं नाही. ते मांडवामागे बाजेवर गाढ झोपले होते.

त्या दिवाळीला मामा आपणहून, एसटीने, भाऊबीजेला आले. पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही. साडू आता पुण्यात नोकरीला असतात, पण भाऊबीजेच्या दिवशी आम्ही सगळे बाळापुरात जमतो. जेवताना सासूबाईंना भाऊ आठवतो. "इतक्या वर्षांत एकच भाऊबीज मिळाली," त्या म्हणतात. साडूंची मान खाली जाते, घास हातातच राहतो. मग त्या उठून त्यांच्या ताटात पुरणपोळी वाढतात आणि म्हणतात, "तुमी गेल्ते म्हणून एक तरी मिळाली. जेवा."