आधी चिठ्ठी, मग चष्मा

आमचे धाकटे दीर शर्टांच्या कारखान्यात चेकर होते. खिशात कायम भिंग, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'भिंग' म्हणायचे आणि तोंडावर 'साहेब'. टाका बघून शिवणारीचा स्वभाव सांगतो, असं ते म्हणत. मी त्याच खोलीत काजं करायची, त्यामुळे हे मला दिवसा ऐकावं लागे आणि घरी जेवताना पुन्हा.

खोलीत दोन रांगा. खिडकीकडे आम्ही, भिंतीकडे काळ्या वंशाच्या बाया. त्यांच्या पणज्यांना कुणीतरी बोटीत कोंबून इथं आणलं होतं. नाती-पणत्या इथंच जन्मल्या, पण आमच्या लेखी त्या अजून बोटीतूनच उतरत होत्या. आम्ही तरी कुठे गोऱ्यापान? दोन छटा उजळ, तेवढ्यावर मान ताठ.

प्रत्येक गठ्ठ्याला शिवणारीच्या नावाची चिठ्ठी असे. भाऊजी आधी चिठ्ठी वाचायचे, मग चष्मा लावायचे. भिंतीकडचं नाव दिसलं की भिंगही बाहेर. परत आलेला गठ्ठा सुटी झाल्यावर बसून उसवायचा, आणि महिन्यात दहा परत आले की बाईला घरचा रस्ता. भिंतीकडे एक कॉलरवाली होती. घरी दोन लेकरं, आई अंथरुणाला खिळलेली. त्या महिन्यात तिचे नऊ परत आले होते आणि महिन्याचे दहाच दिवस सरले होते.

"वहिनी, हातच जड त्यांचा. रक्तात असतं ते."

मी मान हलवली. पहिल्याच फटक्यात नेढ्यात दोरा ओवणारी मी, मला काही दिसत नव्हतं असं कुठल्या तोंडानं सांगू?

भिंतीकडच्या बायांनी मालकाकडे तक्रार केली. मालकानं मानसशास्त्राच्या बाई बोलावल्या.

"मला काय वेड लागलंय?" भाऊजी फणफणले.

बाईंनी भिंतीवर चित्रं दाखवत तासभर भाषण दिलं. माणूस बघण्याआधीच ठरवून टाकतो आणि मग तेवढंच त्याला दिसतं, असं काहीसं. सगळ्यात जोरात मान डोलवली ती भाऊजींनी. "अगदी खरं! असतात हो असे लोक." टाळ्याही त्यांच्याच मोठ्या. दुसऱ्या दिवशी भिंतीकडच्या इतर दोघींचे चार गठ्ठे परत.

बाई शहाण्या. पुन्हा भाषण दिलं नाही. कात्री घेतली, सगळ्या चिठ्ठ्या कापल्या आणि गठ्ठ्यांना नुसते आकडे लावले. यादी स्वतःच्या पिशवीत.

भाऊजींची पाचावर धारण बसली. शर्ट उलटे करून बघत, नाकाशी नेत.

"वास घेताय की काय?" मी विचारलं.

"कापड तपासतोय, वहिनी!"

तिसऱ्या दिवशी एक कॉलर उंच धरून ते ओरडले, "याला म्हणतात हात! खिडकीकडचा. झोपेतही ओळखेन."

आठवड्यानं यादी वाचली. ती कॉलर कॉलरवालीची. तिचा एकही गठ्ठा परत नाही. खिडकीकडचे मात्र अकरा परत, त्यातले चार खुद्द त्यांच्या बायकोचे, म्हणजे माझ्या जावेचे. पुढचे दोन दिवस भाऊजींनी स्वतःच्या हातानं वाढून घेतलं.

"आकडे चुकले असतील."

बाईंनी आकडे बदलून पुन्हा आठवडाभर केलं. तेच.

"पण माझ्या मनात काहीच नव्हतं हो!"

"साहेब," बाई कॉलरवालीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "तुमचं मन सुधारायची वाट बघत बसले, तर तोवर हिची नोकरी जाईल. मन राहू दे तुमच्याकडे. चिठ्ठ्या मी नेते."

तेव्हा कॉलरवाली उठली. "माझे तीन गठ्ठे कपाटात पडलेत, उसवायचे राहिलेले. तेही तपासा."

कपाटातले परत आलेले सगळे गठ्ठे काढले, चिठ्ठ्या कापून मिसळले आणि भाऊजींच्या पुढ्यात ठेवले. सगळ्या खोलीनं बघितलं. तिचे तिन्ही पास झाले. नवाचे सहा राहिले, नोकरी राहिली.

भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. जाता जाता कॉलरवालीला म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका."

"मनाला नाही लावलं, साहेब. सहा गठ्ठे वाकून उसवलेत, ते पाठीला लागलंय."

त्या दिवशी ती सगळ्यांबरोबर सुटली. उसवायला काही उरलंच नव्हतं.