पिक्चर संपल्यावर उठायचं नाही

मागच्या नाताळात तुम्ही दोघांनी फोनवर तक्रार केलीत, की सुटीतला पिक्चर संपला तरी आई उठू देत नाही, प्रत्येकाला बोलायला लावते. ही सवय तिला माझ्यामुळे लागली. पण तिने ती माझ्याहून चांगली चालवली. कधीपासून, ते तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहून ठेवते.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही पनवेलला राहत होतो आणि मी तिथल्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बऱ्याच घरांत सिनेमा वर्ज्य होता. माझं मत निराळं होतं. मुलं पिक्चर कुठेतरी बघणारच. मग आपल्या घरात बघावा आणि नंतर आपल्या विश्वासाला धरून त्यावर बोलावं. म्हणून नाताळच्या सुटीत एक दिवस तुमचे आजोबा तळ्याजवळच्या दुकानातून व्हीसीआर भाड्याने आणत. नियम माझे. पिक्चर सगळ्या घराने एकत्र बघता येईल असा. शेजाऱ्यांना बोलावणं. संपला की टीव्ही बंद, नानकटाईची ताटली मध्ये, आणि प्रत्येकाने सांगायचं, यातलं काय घ्यावं, काय सोडावं. प्रभू येशू आपल्यात बसून बघत असता तर काय म्हणाला असता. हा शेवटचा प्रश्न पाहुण्यांना माफ होता, तरी शेजारच्या काकी त्याचंही उत्तर द्यायच्या. "तुमचा देव आमच्यासंगं बसला असता, त आधी चा मागितला असता."

काकी उरणकडच्या गावच्या. नव्या शहरासाठी त्यांची भातशेती गेली, मोबदला आला आणि त्यांनी आमच्या शेजारी घर बांधलं. त्यांची मुलगी तुमच्या आईच्याच वर्गात. काका मात्र आमच्याकडे कधी येत नसत. शेत गेल्यावर त्यांच्या हाताला काम उरलं नव्हतं, आणि ते पीत. सगळ्या आळीला हे ठाऊक होतं. काकींसमोर कोणी बोलत नसे.

त्या वर्षी तुमची आई अडून बसली. "आई, यंदा कोणाला बोलवू नकोस."

शाळेत तिला कोणीतरी विचारलं होतं, "तुमच्यात नाताळला सगळेच पितात ना?" विचारणाऱ्याचाही दोष नव्हता. हिंदी पिक्चरमध्ये आपला माणूस यायचा तो डोक्यावर तिरकी टोपी, हातात बाटली आणि तोंडात मोडकं हिंदी घेऊनच.

"त्यात पुन्हा तसला माणूस निघाला तर?" ती म्हणाली.

"निघाला तर बोलू. नियमच आहे."

दुकानदाराने मला खात्री दिली होती. "एकदम फॅमिली आहे, टीचर. डोळ्यांत पाणी येतं."

पिक्चर सुरू झाला. मोठं घर, तीन भाऊ, एक बहीण, त्यांची भांडणं. आणि मध्यावर, नाताळच्या पार्टीत, तो आलाच. गळ्यात क्रूस, हातात बाटली. झोकांड्या खात नाचला आणि केकवर आडवा झाला. आमची खोली हसून हसून लोळली. तुमची आई फरशीकडे बघत होती.

काकींच्या मुलीने तिला ढोसलं. "तुझे पप्पा पण असेच नाचतात?"

तुमच्या आजोबांनी चहापलीकडे काही प्यायलेलं मी तरी पाहिलं नाही. ते खुर्चीतून म्हणाले, "नाचतो ना. पण केकवर पडलो तर हिची आई घरात घेणार नाही."

पुन्हा हशा. तुमची आई हसली नाही.

पिक्चर संपला. मी उत्तर तयार ठेवलं होतं. आपली माणसं शाळांत शिकवतात, दवाखान्यांत रात्रंदिवस राबतात, असं ठणकावून सांगणार होते. पण नियमाप्रमाणे मुलांची पाळी आधी.

"मला तो केकवर पडलेला माणूस घ्यायचाय," तुमची आई म्हणाली.

"त्याला? कशाला?" काकींच्या मुलीने विचारलं.

"शेवटी सगळे घरी आले ना? भांडलेला भाऊ आला, रुसलेली बहीण आली. त्याला कोणी आणलंच नाही. नाताळ तर त्याचाही होता. आपण हसलो आणि तो बाहेरच राहिला. प्रभू येशू आधी त्याच्याकडे गेला असता."

माझं तयार उत्तर मी तसंच गिळलं. तो आमच्यातला नाही, असं मी सांगणार होते. माझी मुलगी सांगत होती, तो आमचाच आहे. वर्गात मी कोणाला पैकीच्या पैकी गुण देत नसे. त्या संध्याकाळी मनातल्या मनात दिले.

काकींनी त्या दिवशी देवाला चहा पाजला नाही. मांडीवर सांडलेला नानकटाईचा चुरा त्या एकेक करून वेचत राहिल्या आणि मग मुलीला घेऊन गेल्या.

नाताळच्या दिवशी उपासना आटोपून आम्ही पानं घेत होतो, तेव्हा काकी दारात आल्या. एकट्याच.

"टीचर, आमच्या ह्यांना आनू का जेवाया? सकालपासून घेतली नाय. संध्याकाळचं मी सांगत नाय."

मी काही बोलायच्या आत तुमची आई म्हणाली, "आणा ना, काकी. माझ्या शेजारी बसतील."

काका आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून पाडलेला भांग. दाराशीच स्टूल ओढून बसायला लागले. तुमच्या आईने त्यांना हाताला धरून टेबलाशी आणलं. बराच वेळ ते खाली मान घालून जेवले. मग भात बोटांत चुरून बघत म्हणाले, "तांदूल बरा हाय. आमच्या शेतात याच्यापेक्षा बारीक व्हायचा." आणि मग शेताविषयी इतकं बोलले, की काकी त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

त्यांची दारू सुटली असं मी लिहिणार नाही, सुटली नाही. पण त्यानंतर प्रत्येक नाताळच्या दुपारी ते आमच्याकडे जेवले, आणि तुमची आई परदेशी जाईपर्यंत तिच्या शेजारची खुर्ची त्यांचीच होती.

तेव्हा यंदा तिने बसवून ठेवलं तर बसा. आणि सगळं हसून झाल्यावर बाहेर कोण राहिलं, ते तिला सांगा.