आप्पांना भेटायचे दोन तास

"आज वार कोणता, काका?" डॉक्टरांनी विचारलं.

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. मग म्हणाले, "डॉक्टर असून तुमाला वार ठावा न्हाई?"

डॉक्टर हसले. एमआरआयचा रिपोर्ट वाचून मला म्हणाले, "व्हॅस्क्युलर डिमेन्शिया आहे." म्हणजे मेंदूला रक्त नीट पोचत नाही, आणि आठवण हळूहळू जाते. "गोळ्यांनी वेग कमी होईल. गेलेलं परत येणार नाही."

आई गेल्यापासून वडील माझ्याकडं, शिरूरला होते. त्यांची नोकरी सगळी दौंडला, रेल्वेत झालेली. रिपोर्टनंतर थोड्याच दिवसांत ते सकाळी उठून ड्युटीला निघायला लागले. एकदा घोड नदीच्या पुलावर सापडले, पायात चप्पल नाही. मी शाळेत पोषण आहार शिजवते. त्या चार तासांसाठी मी बाहेरून कडी लावायला लागले.

धाकटा भाऊ सुनील दौंडला राहतो, कुरकुंभला कंपनीत पाळीवर जातो. एक दिवस तो न कळवता आला. आप्पा खिडकीचे गज धरून उभे होते. मी घरी पोचले तेव्हा त्यानं त्यांची पिशवी भरली होती. "बापाला कोंडून ठेवलंस, ताई?" एवढंच बोलला आणि त्यांना घेऊन गेला.

त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही. दोनदा दौंडला जाऊन दारातून परत आले. शेवटी आप्पांना माझ्याकडं आणायला कोर्टात अर्ज केला.

तारखांवर तारखा पडल्या. सात महिने गेले. इतक्या दिवसांत आप्पा काय काय विसरले असतील, हे मी कुणाला विचारणार? गोळीच्या वेळेला माझा हात अजून डबीकडं जायचा. डबी तर दौंडला गेलेली.

मग कोर्टाच्या समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "तुम्ही कडी लावत होता का?" त्यांनी मला विचारलं. वकिलांनी बजावलं होतं, नाही म्हणा. मी म्हटलं, "हो. लावत होते."

सुनील मग म्हणाला, "मागच्या महिन्यात आप्पा रुळांकडं गेले होते. तवापासनं मी बी कडी लावतो, ताई."

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला. तो दोघांनीही घेतला नाही.

मला आप्पांना घरी आणायचं होतं. पण डॉक्टर म्हणाले, "आता जागा बदलू नका. गोंधळ वाढेल." मी ऐकलं. दर रविवारी दहा ते बारा, सुनीलच्या घरी भेट ठरली.

घरात असा आजार आला तर कडीला हात लावण्याआधी भावंडांना फोन करा. मी केला नव्हता. एकटीला सगळं जमतं, हा माझा तोरा होता. सुनीलवरचा राग गेला, असं म्हणणार नाही. पण आप्पांची नखं तो स्वतः कापतो, हे मी पाहिलंय, आणि त्याचे उपकार मानते.

पहिल्या रविवारी आप्पा ओट्यावर उन्हाला बसले होते. मी जवळ बसले. त्यांनी मला नीट निरखलं.

"कुठली गं बाई तू?"

"शिरूरची, आप्पा."

त्यांचा चेहरा खुलला. "माजी लेक बी शिरूरलाच दिलीया. लई दिस झालं, आली न्हाई. गाठ पडली तर सांग तिला, बाप वाट बघतोय म्हणावं."

मी त्यांचा हात हातात घेतला.

"सांगते," म्हटलं.