नव्यांसाठी ठेवलेली तुरपाई

बायको गेली तेव्हा नळमामा रडले नाहीत. तुरपाई करत बसले.

हातात सुई-दोरा नव्हता, समोर कंप्युटर होता. सुईचं आणि त्यांचं कधी जमलंच नाही. लग्नानंतर एकदा सदऱ्याला बटण लावायला घेतलं आणि सदऱ्याची पुढची-मागची बाजू एकत्र शिवून टाकली, ही गोष्ट बायको येईल-जाईल त्याला सांगायची. मामा पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढायचे. कुठल्या गल्लीखालून कुठला पाइप जातो, कुठे वळतो, हे त्यांचं काम. बायको घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान चालवायची. हाताखालच्या मुली तिला बाई म्हणायच्या, मग गिऱ्हाइकं म्हणायला लागली, आणि शेवटी नवराही तिला बाईच म्हणायला लागला.

बाई प्रत्येक नव्या मापाला नवा कागद कापायची. मामा संध्याकाळी चहा घेत ते बघायचे. बघता बघता त्यांच्या डोक्यात आलं, मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या जागेचा, गोल काय आणि पाइपचं वळण काय, हिशेब तोच. त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. छाती, खांदा, उंची भरायची की कटिंगचा कागद छापून बाहेर. बाईने पहिला कागद कापडावर ठेवून बघितला आणि म्हणाली, हा शर्ट माणसाला होईल, फक्त त्या माणसाला मान नसावी. दुरुस्त करता करता तो कामाचा झाला.

मग मामांनी तो कुलूप न लावता सोडून दिला. ओपन सोर्स म्हणतात त्याला. कोणीही घ्यावा, कोणीही आत डोकवावं, चुकलेलं दिसलं तर सुधारून पाठवावं. त्यांना वाटलं होतं, कुत्रं विचारणार नाही. पण लांबलांबचे शिंपी यायला लागले, कंप्युटरवाली पोरं यायला लागली, आणि आली बटणताई. तिचं दुसऱ्या शहरात बटणांचं आणि झिपांचं दुकान. प्रोग्रॅममधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसं कळत होती. प्रोग्रॅमवाल्यांचा फोनवर एक ग्रुप होता, त्यावर नवं कोणी आलं की ही विचारणार, काय शिवता, मशीन पायाची की मोटरची, बसून बसून कंबर दुखते का. आलेला माणूस दोन दिवसांत घरचा व्हायचा. मामांना नळमामा हे नावही तिनेच दिलं.

बाईच्या दुकानात एक रीत होती. तुरपाई, हूक, काज-बटणं ही कामं ती स्वतः करायची नाही. डोळे मिटून जमली असती तिला. पण गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी ती बाजूला ठेवायची, नव्या मुलीसाठी. मामांनी एकदा म्हटलं, अगं चार टाके तर आहेत, घालून दे की. तेव्हा ती म्हणाली होती, "मी घातले तर फ्रॉक आज जाईल. तिने घातले तर ती उद्या येईल."

तीच रीत ग्रुपमध्ये आली. प्रोग्रॅममध्ये बारीकसारीक चूक सापडली, म्हणजे कुठे कागदावरचं अक्षर शिलाईच्या रेषेत जातंय, कुठे बटणाची खूण सरकलीय, की तिच्यावर 'तुरपाई' असं लिहून ठेवायचं. जुन्यांनी तिला हात लावायचा नाही. नवा येतो, छोटी चूक सुधारतो, बटणताई त्याचं कौतुक करते, आणि तो दुसरं काम मागतो. अशीच माणसं वाढली होती.

बाई फार दिवस आजारी नव्हती. गेली. येणारे येऊन गेले, नातेवाईक गेले, मामा ऑफिसला जायला लागले. लेक त्यांच्याजवळच राहायची. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करायची, सकाळी डबा भरून जायची, संध्याकाळी यायची. पुढची खोली बंद होती. मामा आले की हातपाय धुऊन कंप्युटरसमोर बसायचे. मोठं काम डोक्यात जायचं नाही. विचार करायला घेतला की तो मध्येच कुठेतरी संपून जायचा, पाणी जिरावं तसा. पण छोट्या चुका जमत होत्या. एक उघडायची, सुधारायची, बंद करायची. दुसरी उघडायची. लेक शेजारी चहा ठेवून जायची. तो प्यायला की नाही, गोड होता की अगोड, विचारलं असतं तर मामांना सांगता आलं नसतं. वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. हात चालत होते एवढंच.

अशी त्यांनी सगळी तुरपाई संपवत आणली.

नवे लोक यायचे, काम आहे का विचारायचे, आणि काम नसायचं. एका पोराने स्वतःच एक चूक शोधून काढली, मी करतो म्हणाला. तो जेवून येईपर्यंत मामांनी ती सुधारून टाकली होती. पोरगा पुन्हा दिसला नाही. जुनेही गप्प व्हायला लागले. मामा करतायत ना, मग आपण कशाला मध्ये. आणि यातच मोठं काम येऊन पडलं होतं. दुकानांतले जुने कंप्युटर एकेक करून मान टाकत होते, शिंप्यांना आता सगळं फोनवर हवं होतं. बाही, गळा, कॉलर, सगळं फोनसाठी नव्याने लिहायचं होतं. ते एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. पाच-पंचवीस हात लागणार होते, आणि हात तर निघून चालले होते.

बटणताईने बरेच दिवस कळ काढली. माणूस दुःखात आहे, बोलू कसं, म्हणत राहिली. शेवटी एका रविवारी सकाळी तिने फोन केला. इकडचं तिकडचं विचारलं, लेकीचं विचारलं. मग म्हणाली, "मामा, रागवा हवं तर. वाढणाऱ्यानेच पातेलं चाटूनपुसून ठेवलं तर आलेल्याने काय करायचं?"

मामा म्हणाले, चुका होत्या, सुधारल्या, त्यात वाईट काय.

"वाईट काही नाही. प्रोग्रॅम कसा लखलखीत झालाय. आता तो आणि तुम्ही, दोघंच राहाल त्यात. मी रोज लोकांना या बसा म्हणते. बसायला पाट नाही. मला आता लाज वाटते मामा. असंच चाललं तर मी निघते."

मामांनी बरं म्हटलं. बरं म्हणजे काय बरं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर कळलं की हात पुन्हा कीबोर्डवर गेलेत.

त्याच दुपारी ग्रुपवर एकजण नवी आली. हॉस्पिटलसाठी गाऊन आणि चादरी शिवणारी. तिने लिहिलं होतं, फोनवर व्हिडिओ बघून बघून थोडं प्रोग्रॅमिंग शिकले आहे, कधी खरं काम केलेलं नाही, माझ्याजोगतं काही असलं तर द्या, नसलं तरी चालेल. बटणताईने तिला कंबरेचं विचारलं. कामाचं काहीच लिहिलं नाही. द्यायला होतंच काय? शेवटची तुरपाई मामांनी सकाळी, ताईचा फोन यायच्या आधीच उरकली होती. लहान मापाच्या शर्टाचा खिसा सरकत सरकत बगलेत जायचा, ती चूक. सुधारणा एका ओळीची होती. अजून कोणाकडे पोहोचली नव्हती.

मामा त्या ओळीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती काढली आणि चूक होती तशी परत बसवली. छापून बघितलं. पोराच्या शर्टाचा खिसा पुन्हा बगलेत. त्यांनी वर 'तुरपाई' असं लिहिलं आणि खाली गाऊनवालीसाठी दोन ओळी. हे काम तुमचं. घाई नाही.

इतक्या वर्षांत त्यांनी चूक मुद्दाम कधी घातली नव्हती. नकाशात असं केलं असतं तर कोणाच्या तरी घरात पाणी शिरलं असतं. पण त्याचंही काही वाटलं नाही.

वाटायला लागलं ते नंतर. ऑफिसातून यायचं, हातपाय धुवायचे, आणि करायला काही नाही. चूक समोर आहे, आणि तिला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी त्यांनी कंप्युटर लावला, खिसा बगलेतच आहे हे बघितलं आणि बंद केला. दुसऱ्या दिवशी लावलाच नाही. खुर्चीत बसून राहिले. घराला आवाज असतात हे तेव्हा लक्षात आलं. टाकी भरत होती. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली. बंद खोलीतून काहीच येत नव्हतं, आणि ते काहीच न येणं सगळ्यात मोठं होतं. इतके दिवस त्यांनी ते ऐकलं नव्हतं.

लेक आली तेव्हा दिवा लावलेला नव्हता. तिने लावला.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. बसलोय."

तिने पर्स खाली ठेवली आणि समोरच्या स्टुलावर बसली. एरवी ती येऊन सरळ स्वयंपाकघरात जायची. थोड्या वेळाने ती म्हणाली, खिचडी टाकते, आणि गेली.

गाऊनवालीने बरेच दिवस लावले. मध्ये दोनदा विचारलं, बटणताईने धीर दिला, एका जुन्या माणसाने कुठे अडलंय ते दाखवलं. तो किती दिवसांनी बोलला होता. मग एकदा तिचं काम आलं. मामांनी उघडलं. एका ओळीच्या जागी भाराभर चिंध्या. प्रत्येक मापासाठी वेगळा नियम, एकाखाली एक, गाऊनच्या नाड्यांसारखे. पण खिसा छातीवर आला होता. सगळ्या मापांना आला होता. मामांचे हात शिवशिवले. दोन मिनिटांत त्यांनी ते सरळ केलं असतं. त्यांनी हात मांडीखाली घेतले, अगदी खरोखर मांडीखाली, आणि जरा वेळ तसेच बसले. मग घेतलं म्हणून लिहिलं. छान झालंय, असंही लिहिलं. बटणताईने खाली काही लिहिलं नाही, नुसतं एक बटणाचं चित्र टाकलं.

तासाभरात गाऊनवालीचा मेसेज. आता पुढचं काय देता?

पुढचं काहीच नव्हतं. होतं ते फक्त फोनचं मोठं काम. मामांनी प्रोग्रॅममधली बाही उघडली. अख्खी बाही नव्या माणसाला देता येत नाही, पळून जाईल. तिचे तुकडे करायला हवेत, एकेका हाताला पेलतील एवढे. हे काम स्वतः करण्यापेक्षा अवघड निघालं. कुठे कापायचं ते कळत होतं. पहिल्या तुकड्यावर नव्या माणसाला काय सांगायचं ते कळत नव्हतं. त्यांनी लिहिलं, खोडलं. सूत्र लिहिलं, तेही खोडलं. सूत्राने कोण बसणार शिवायला? बाई मुलींना बाही शिकवायची ती त्यांनी अगणित वेळा ऐकली होती, चहा पीत, अर्ध्या कानाने. आठवायला गेले तर तिचे हात हलताना दिसले. शब्द एकही येईना.

लेक ताटं मांडत होती. मामांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "आई नव्या मुलीला बाही कशी सांगायची?"

लेकीच्या हातातली वाटी तशीच राहिली. घरात आई हा शब्द कोणीतरी बऱ्याच दिवसांनी उच्चारला होता. मग तिने वाटी ठेवली, ओले हात ओढणीला पुसले आणि त्यांच्या खुर्चीजवळ येऊन उजवा हात वर केला.

"आधी हात वर करायला लावायची. असा. मग म्हणायची, कपडा उभ्या माणसाला कोणीही शिवतं. तू हा हात वर गेला की काय होतं ते बघ."

"मग?"

"मग मुलगी बघायची. आई गप्प राहायची."

"किती वेळ?"

"तिला दिसेपर्यंत."

मामांनी ते लिहून घेतलं, शब्दाला शब्द. लेक हात वर करून तशीच उभी होती. लिहिताना त्यांना अक्षरं नीट दिसेनात, म्हणून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तरी दिसेनात.

"अजून एकदा सांग," ते म्हणाले. "सावकाश."