सात रेकॉर्ड आणि एक हक्कसोडपत्र

कोणती रेकॉर्ड ऐकावी आणि का ऐकावी, हे सांगण्याचा अधिकार मला कोणत्याही विद्यापीठाने दिलेला नाही. तो मी कमावलेला आहे. नववीत नापास झाल्यानंतर चार वर्षे मी कल्याणात कॅसेटी भरून देणाऱ्या दुकानात नोकरीस होतो. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी ठेवून जाई. मी रेकॉर्डवरून ती गाणी कॅसेटवर उतरवीत असे. गाणे पूर्ण वाजल्याशिवाय उतरत नाही. शिकलेल्या लोकांनी निवडून ऐकले, मी आले ते सर्व ऐकले. पुढे ते दुकान बंद पडले आणि मी अर्जलेखनाच्या व्यवसायात आलो. गेली तीस वर्षे कचेरीबाहेर माझे टेबल आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, दस्तांचे मसुदे, सर्व काही मी लिहितो. माझ्या मसुद्यात वकिलांनाही काना बदलण्याची गरज पडत नाही, हे त्यांनीच कबूल केलेले आहे.

माझ्या या दोन विद्या एकदाच एकत्र आल्या.

चाळिशीचा एक गृहस्थ माझ्याकडे हक्कसोडपत्र करून घेण्यास आला. वडिलांच्या मालमत्तेतला आपला वाटा बहिणीने भावाच्या नावे सोडून द्यायचा, असा तो दस्त असतो. आपल्याकडे बहिणी तो देतात, कारण न देणारीला माहेर उरत नाही. या गृहस्थाचे बाळकुमला वडिलांनी बांधलेले बैठे घर होते. वडील कोलशेतच्या एका कारखान्यात होते. ते वारले, आई आधीच गेलेली. आता बिल्डर घर घेऊन टॉवरमध्ये फ्लॅट देणार होता आणि त्याला कागदावर एकच मालक हवा होता. थोरली बहीण कल्याणला सासरी, दोन खोल्यांत सहा माणसांत राहत होती.

"ती नाही म्हणत नाही, काका. हो पण म्हणत नाही," गृहस्थ म्हणाला. "चार महिने झाले. फोन केला की म्हणते, बघू."

"तिला वाटा पाहिजे आहे का?"

"वाट्याचं नावच काढत नाही. बाबांच्या रेकॉर्डी आहेत सात आणि प्लेयर. येते आणि तेच लावून बसते. मी बोललो, घेऊन जा. तर म्हणते, तिथे कुठे ठेवू."

मी विचारले, कोणत्या रेकॉर्डी? त्याला एकीचेही नाव सांगता आले नाही. एका वेष्टनावर नाव आहे म्हणाला. नाव म्हणजे होडी. तेव्हाच मी ओळखले की हे काम कागदाचे नसून कानाचे आहे. मी म्हणालो, मसुदा मी करतो आणि बाईंची समजूतही मीच घालतो, रविवारी येतो.

माझी योजना साधी होती. त्या रेकॉर्डींचे मोल मी तिला पटवून द्यायचे, इतके की घर सोडून आपण फार मोठे काही घेत आहोत असे तिला वाटावे. यात खोटे काहीच नव्हते. त्या सात रेकॉर्डी खरोखरच ऐकण्यासारख्या होत्या.

पहिल्या रविवारी मी सनईची लावली. सकाळचा राग आहे म्हणून लोक ती सकाळी लावतात, ती चूक होय. सकाळी आपल्याला कामे असतात. ती दुपारी लावावी, म्हणजे सकाळ किती लवकर संपली हे कळते. या रेकॉर्डीत सनईवाला एका सुरावर इतका वेळ थांबतो की मागे सूर धरणाऱ्या साथीदाराचा श्वास आधी संपतो आणि ते ऐकू येते. वादकाने साथीदाराला दमवणे ही सभ्यता नव्हे, परंतु कला सभ्यतेवर चालत नाही.

नंतर अभंगांची. गाणारा गृहस्थ नाटकातला असावा. त्याला देव दिसत नाही, प्रेक्षक दिसतात. तरीही ती ऐकावी, कारण तिच्यात टाळ वाजवणारा अतिशय प्रामाणिक आहे. गायक रडू लागला तरी तो रडत नाही.

तिसरी खाडीकाठच्या गावांतल्या बायकांनी गायलेल्या धवल्यांची, म्हणजे लग्नातल्या गाण्यांची. तीत वाद्य नाही. एकीचा श्वास जिथे संपतो तिथे दुसरी उचलते, त्यामुळे गाणे कुठेही तुटत नाही आणि कोणी एकटी गात आहे असे कधी वाटत नाही. वधूला घालवून देण्याची गाणी आहेत. घालवणाऱ्या बायकांच्या आवाजात दया नाही, सराव आहे. मला ती सर्वांत थोर वाटली आणि तसे मी बोललो.

बहीण जमिनीवर, प्लेयरला पाठ लावून बसली होती. पन्नाशीची, किरकोळ बांध्याची बाई. मी बोलत असता तिने एकदाही मध्ये तोंड घातले नाही. गृहस्थाची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"वन्सं, तुमचा क्लास संपला की सांगा," ती म्हणाली. "कुकर लावायचाय. त्याच्या शिट्टीने तुमची सनई बिघडायला नको."

"लाव गं तू," बहीण म्हणाली. "बाबा असताना पण शिट्ट्या व्हायच्याच."

निघताना ती मला म्हणाली, "दादा, तुम्ही छान सांगता." मी ते वाक्य घेऊन घरी आलो.

दुसऱ्या रविवारी मी ख्यालाची लावली. गायिकेचे नाव वेष्टनावरून पुसले गेले होते. ती मी पूर्वी ऐकलेली नव्हती. परंतु तसे सांगणे मला प्रशस्त वाटले नाही. मी म्हणालो की ही मी दुकानात किमान वीस वेळा उतरवली आहे. गाणे द्रुत लयीत शिरले आणि एका जागी गायिका तान अर्धी सोडून एकदम समेवर आली. मी हात वर केला, सुई उचलली, तीच जागा पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"हे पाहा," मी म्हणालो. "आवर्तन पूर्ण करायला कोणीही करील. ही मधला तुकडा गाळते आणि समेवर उतरते. याला छाती लागते. या एका जागेसाठी ही रेकॉर्ड ऐकावी."

बहिणीने वळून माझ्याकडे पाहिले. प्रथम तिला बोलावे की नाही असे झालेले दिसले.

"दादा, तिथे चरा आहे."

"काय?"

"चरा. ओरखडा. सुई उडते तिथे. मी सातवीत होते, माझ्या हातून सुई घसरलेली. बाबांनी पट्ट्याने मारलेलं मला." ती हसली. "त्या आधी ती बाई पूर्ण तान घ्यायची. लांब होती. मला पाठ आहे."

आणि तिने ती तान गाऊन दाखवली. आवाज बसका होता, परंतु सूर एकही ढळला नाही. जिथे रेकॉर्ड उडत असे तिथला गाळलेला तुकडा तिने जागच्या जागी ठेवला आणि समेवर बोट टेकवले.

दारातून गृहस्थाची बायको म्हणाली, "अगं बाई. वीस वेळा उतरवलेली ना काका?" गृहस्थ इतका हसला की त्याला ठसका लागला. "काका, छाती कोणाला लागते म्हणालात?"

मीही हसलो. माणसाने अशा वेळी हसावे, असे मी समजतो. परंतु घरी परत येताना बाळकुम नाक्यावर मी रिक्षाची वाट पाहत उभा होतो आणि माझे कान तापलेले होते. त्या बाईने मला खोटे पाडले नव्हते. तिने केवळ मला तिच्या वडिलांची एक गोष्ट सांगितली होती. हे मला त्या वेळीही समजत होते. समजल्याने माझ्या मनात काही कमी झाले नाही.

तिसऱ्या रविवारी मी रेकॉर्ड लावली नाही. दस्ताचा मसुदा काढला आणि वाचून दाखवला: घरातील आपला सर्व हक्क, हितसंबंध आणि वहिवाट ती स्वखुशीने, विनामोबदला, कायमची सोडून देत आहे. बहिणीने तो शांतपणे ऐकला. मग म्हणाली, "सही करते मी. मला फ्लॅट नको, काही नको. फक्त एक ओळ घाला."

"कोणती?"

"दर रविवारी मी येऊन ऐकणार. इथे, किंवा नवीन घर होईल तिथे. रेकॉर्डी आणि प्लेयर इथेच राहू दे. तिकडे कोणाला आवडत नाही, आणि जागा पण नाही. दोन तास यायचं, ऐकायचं, जायचं. जेवायला पण थांबणार नाही."

"ताई, असं काय करतेस," गृहस्थ म्हणाला. "तुझंच घर आहे. कागदावर लिहायला लागतं का?"

"तू आहेस तोवर नाही लागत. पण लिहिलेलं बरं असतं ना, दादा? तुम्ही सांगा."

तिने मला विचारले. येथे मी नेमके सांगितले पाहिजे. हक्कसोडपत्रात अशी अट घातली तर बिल्डरचा वकील अडून बसला असता, हे खरे आहे. परंतु वेगळ्या कागदावर, भावाच्या सहीने, दहा ओळींचे हमीपत्र करता आले असते. तसली हमीपत्रे मी त्यापूर्वीही लिहिली होती. सामाईक विहिरीच्या पाण्याची, आंब्याच्या झाडाची, गणपतीतल्या पाच दिवसांची. कागद माझ्या पिशवीत होता. भाऊ त्या क्षणी कशावरही सही करण्यास तयार होता.

मी म्हणालो, "कायद्यात ऐकण्याला जागा नाही."

वाक्य उत्तम होते. माझ्याकडून इतके रेखीव वाक्य क्वचितच निघते. बाईने ते मान खाली घालून स्वीकारले, जसे लोक डॉक्टरचे स्वीकारतात. गृहस्थाने सुटकेचा श्वास सोडला. त्याच्या बायकोने मला दुसरा चहा दिला.

निबंधक कार्यालयात अधिकाऱ्याने तिला विचारले, "समजून सही करताय ना, ताई? कोणाची जबरदस्ती नाही?" ती म्हणाली, "नाही. यांनी तीन रविवार समजावून सांगितलंय." तिने अंगठा टेकवला, फोटोसाठी पदर नीट केला आणि काम झाले.

घर पडले. गृहस्थ बांधकाम होईपर्यंत कोलशेतला भाड्याच्या जागेत राहू लागला. चार महिन्यांनंतर बहीण माझ्या टेबलासमोर येऊन बसली.

"पहिले दोन रविवार ऐकलं," ती म्हणाली. "तिसऱ्याला वहिनी म्हणाली पाहुणे आहेत. मग म्हणाली मुलीची परीक्षा आहे. आता दार उघडते आणि दारातच बोलते. खोकं गॅलरीत ठेवलंय, ऊन लागतं. रेकॉर्डी वाकतील, दादा. एक अर्ज लिहून द्या."

"कोणाकडे?"

"तुम्हाला माहीत."

मी तिला सांगितले की अर्जाला हक्काचा आधार लागतो, आणि तिने हितसंबंध व वहिवाट दोन्ही सोडलेले आहेत. ते शब्द माझेच होते, त्यांत फट नव्हती. तिने टेबलावरच्या शिक्क्यांकडे पाहिले.

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात कायद्यात जागा नाही. ते खरं होतं?"

खोटे बोलणे मला सहज शक्य होते. समोर आणखी दोन गिऱ्हाईके उभी होती.

"नव्हते," मी म्हणालो. "वेगळा कागद करता आला असता."

"मग नाही केलात."

"नाही."

"चऱ्यामुळे?"

मी शिक्के सरळ लावू लागलो. तिने मान हलवली. ती रडली नाही, रागावलीही नाही. तिने त्याच स्टुलावर किंचित पुढे सरकून घेतले.

"मग आता असं करा. तुम्ही आम्हाला जे सांगितलंत, कुठली का ऐकायची, ते सगळं लिहा. सातही. वहिनीला देते. वाचून वाटलं तर आत ठेवेल. भंगारात नाही देणार."

मी लिहिले. माझ्या तीस वर्षांतले ते सर्वोत्तम लेखन आहे. जाड लेजर कागदावर, तीन पाने, स्वतःच्या हस्ताक्षरात. सनईवाल्याच्या साथीदाराचा श्वास, टाळकऱ्याचा प्रामाणिकपणा, धवल्यांतला सराव, उरलेल्या तिन्हींतले जे जे मला दिसले ते. ख्यालाच्या रेकॉर्डीपाशी मी थांबलो आणि तिला विचारले, हिच्याविषयी काय लिहू?

"लिहा, की इथे मधे तान राहिली आहे. हवी असेल तर ती ताईला येते."

मी ते तसेच, एक शब्द न बदलता लिहिले. फी घेतली नाही. तिने कागद घडी न घालता वहीत ठेवला आणि ती गेली.

टॉवर उभा राहिला. वीजमीटरवरचे नाव बदलण्यासाठी गृहस्थ पुन्हा माझ्याकडे आला, तब्येतीने सुधारलेला.

"रेकॉर्डी आहेत का?" मी विचारले.

"गेल्या त्या. एक जण येतो, त्यांची घड्याळं करतो म्हणे. मधे भोक असतंच ना, काटे बसतात. प्लेयर ठेवलाय हॉलमध्ये. काय मस्त दिसतो, काका. वर झाड ठेवलंय हिने."

"ताईंना सांगितलेत?"

"सांगायचं काय. ती येतच नाही आता."

त्याने खिशातून कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर मीटरचा क्रमांक, फ्लॅटचा क्रमांक आणि जुन्या बिलाचा तपशील बॉलपेनने लिहिलेला होता. कागद जाड होता. मी तो उलटला. माझ्या तीन पानांतले दुसरे पान होते. वरून तिसऱ्या ओळीत, इथे मधे तान राहिली आहे.

"पाठकोरा होता म्हणून घेतला," गृहस्थ म्हणाला. "चालेल ना?"

मी कागद पुन्हा उलटला आणि मीटरचा क्रमांक उतरवून घेऊ लागलो.